मोटारीच्या टाकीचा श्वास

काशीयात्रेहून परतताना गंगाजलाने भरलेला, तोंडास डाख दिलेला तांब्याचा गडू घरी आणण्याची चाल महाराष्ट्रात पूर्वापार आहे. अशा गडूच्या झाकणास एकच बारीक छिद्र पाडून तो तिरपा केला, तर पाणी सुखासुखी बाहेर येत नाही. वरच्या बाजूस दुसरे छिद्र पाडताच मात्र धार लागते. जेवढे पाणी बाहेर पडावयाचे तेवढीच हवा आत शिरली पाहिजे, हे त्याचे कारण होय.

हाच नियम वाराणसीच्या रस्त्यावरील जुन्या मोटारीसही लागू आहे. उत्तरपाडा येथील कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होत असलेली अँबॅसडर उदाहरणादाखल घेऊ. तिची टाकी मागे आणि एंजिन पुढे असते. पंप टाकीतील पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरकडे पाठवितो. लिटरमागे १० कि.मी. धावणारी अशी मोटार वाराणसीहून सुमारे १२० कि.मी. दूर असलेल्या प्रयागराज येथे पोहोचेपर्यंत टाकीतून १२ लिटर पेट्रोल जाते. तितकीच हवा आत यावी म्हणून टाकीच्या झाकणास बारीक छिद्र किंवा टाकीस वेगळी श्वासनळी ठेवलेली असते.

श्वासमार्ग कोंदला तर काय होते?

धूळ, चिखल किंवा कुंभारीण माशीचे घर यांनी ही वाट बुजते. मग टाकीतील दाब उतरतो, पंपाची ओढ अपुरी पडते आणि एंजिन आचके देऊन थांबते. थोड्या वेळाने हवा कशीबशी आत झिरपली की ते पुन्हा चालू होते. त्यामुळे दोष पंपाचा किंवा कार्ब्युरेटरचा आहे, असा भ्रम होतो. आतील दाब वातावरणाच्या केवळ एक दशांशाने उतरला, तरी ५० सें.मी. लांबी-रुंदीच्या पत्र्यावर सुमारे २५० किलोग्रॅम भार पडतो. असा पत्रा आत दबल्यास नवल नाही.

उन्हाळ्यात याच्या उलट घडते. वाराणसीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. ३० अंशांचे ४० लिटर पेट्रोल इतके तापले की सुमारे अर्ध्या लिटरने फुगते. शिवाय त्याची वाफही होते. म्हणून टाकी काठोकाठ भरू नये. झाकण बदलताना त्याच मोटारीसाठी बनविलेले झाकण घ्यावे. बिनछिद्राचे झाकण बसविल्यास तोच दोष उद्भवतो.

रबरी नळ्यांची परीक्षा

एंजिन हादरते, परंतु मोटारीचा सांगाडा त्याच्याबरोबर तितका हादरत नाही. म्हणून धातूच्या नळीस मध्ये रबरी नळीचा तुकडा जोडतात. उष्णतेने रबर कालांतराने कडक होते व तडकते. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलमुळे जुन्या जातीचे रबर फुगते व मऊ पडते. ते पाणीही शोषून घेत असल्याने धातूची टाकी गंजण्याचा संभव वाढतो. म्हणून अशा मिश्रणासाठी बनविलेलीच नळी वापरावी.

नळीच्या दोन बाजूंचे दोष निरनिराळे असतात. पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूस तडा गेला, तर एंजिन चालू असताना पेट्रोल न गळता हवाच आत ओढली जाते. पंपाच्या पलीकडे तडा गेला, तर पेट्रोल तापलेल्या एंजिनावर पडते आणि आगीचा धोका निर्माण होतो. तडे, फुगीरपणा, चिकटपणा, ओलसर डाग किंवा पेट्रोलचा वास, यांपैकी एकही खूण आढळल्यास नळी व तिचे पट्टे बदलावेत. श्वासनळी कोठे दुमडली नाही ना, हेही पाहावे.

दक्षता

पेट्रोलची वाफ हवेहून तिपटीहून अधिक जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. म्हणून हे काम उघड्या जागी, एंजिन थंड असताना, बॅटरीची तार सोडवून करावे. जवळ विडी, दिवा किंवा चूल नसावी. नळी तोंडाने कधीही ओढू नये. पेट्रोल फुप्फुसांत गेल्यास प्राणावर बेतते.

श्वासमार्ग साफ केल्यानंतर मोटार काही अंतर चालवावी, ती थांबवून एंजिन निवू द्यावे आणि मग झाकण हळूच सैल करावे. हवा सूं करून आत शिरली, तर वाट अजून कोंदलेली आहे असे समजावे. आवाज न आल्यास टाकीचा श्वास मोकळा झाला म्हणावयाचा. गडूच्या दुसऱ्या छिद्राचे काम ते हेच.