आनंदाचे कीर्तन : तंजावरचे वेदनायकम् शास्त्री

कुंभकोणम् हे देवळांचे गाव. कावेरी आणि अरसलार यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यात ते वसले आहे. त्याच्या परिसरात गोविंदपुरम्, तिरुविसैनल्लूर आणि मरुदानल्लूर ही तीन खेडी आहेत. बोधेंद्र, श्रीधर अय्यावाळ आणि सद्गुरुस्वामी या सत्पुरुषांची नावे अनुक्रमे या गावांशी जोडलेली आहेत. दक्षिणेतील नामसंकीर्तनाच्या संप्रदायाला आकार दिला तो या तिघांनी. नाम गाता गाता जो आनंद होतो तोच परमार्थाचा प्रसाद, ही त्यांची शिकवण. या भजनपद्धतीत मराठी अभंगही म्हटले जातात. तंजावरच्या गादीवर १८५५ पर्यंत भोसल्यांचे घराणे होते, हे आठवले म्हणजे त्याचे नवल वाटत नाही.

याच भूमीत, कुंभकोणम्‌पासून दहा कोसांवरच्या तंजावरात, एका ख्रिस्ती कवीने आपल्या श्रद्धेचा आनंद गायिला. वेदनायकम् शास्त्री यांचा जन्म १७७४ मध्ये तिरुनेलवेलीकडे झाला. वडीलही कवी होते. जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांनी या बुद्धिमान मुलाला बारा वर्षांच्या सुमारास आपल्याबरोबर तंजावरला आणले. राजपुत्र सरफोजी यांचे पालकत्वही श्वार्ट्झ यांच्याकडेच होते. म्हणजे पुढे राजा झालेला एक मराठा मुलगा आणि पुढे कवी झालेला एक तमिळ मुलगा, दोघे एकाच गुरूच्या छायेत वाढले. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत, तरी गुरूंविषयीची त्यांची भक्ती अखेरपर्यंत टिकली. १७९८ मध्ये श्वार्ट्झ निवर्तले, तेव्हा राजांनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करविले. गुरूंच्या मृत्युशय्येपाशी उभा असलेला राजा त्यात कोरलेला आहे.

शास्त्री मिशनच्या शाळेत शिक्षक झाले आणि विपुल पदे रचू लागले. त्यांची ‘बेथलेहेम कुरवंजी’ सुमारे १८०० सालची. कुरवंजी हा दक्षिणेतला लोकप्रिय नृत्यनाट्यप्रकार. देवाची किंवा राजाची मिरवणूक पाहून नायिका विरहव्याकूळ होते. मग डोंगरातली कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी स्त्री, येते, तिचा हात पाहते आणि प्रियकर भेटेल असे सांगते. शास्त्रींनी हा साचा जसाच्या तसा उचलला. त्यांची नायिका ख्रिस्ताची वधू असलेली मंडळी, नायक बेथलेहेमचा प्रभू, आणि भविष्य सांगणारी कुरत्ती ज्ञानाची. कुरत्तीने आपल्या मुलखाचे वर्णन करावे असा संकेत आहे. शास्त्रींनी तेथे जगाचा भूगोल आणि सूर्याभोवती फिरणारे ग्रह आणून बसविले! मराठी वाचकाला विशेष वाटावे ते असे, की सरफोजींच्या नावावरील ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकातही कुरत्ती इंद्राणीला भूगोलच शिकविते.

यात केवळ चातुर्य नव्हते. ख्रिस्ती विचारात आनंद आणि सुख या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. सुख परिस्थितीवर अवलंबून असते. आनंद, देवाने माणसाला टाकलेले नाही, या विश्वासावर. पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेले पत्र याचे ठळक उदाहरण होय. त्यात आनंदाचा शब्द पुनःपुन्हा येतो, आणि लिहिणारा मात्र बंदिवासात आहे. विरहातही भेटीची खात्री बाळगणाऱ्या कुरवंजीच्या नायिकेत हाच आनंद शास्त्रींना सापडला असावा. तो परक्या सुरांत गावा लागत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

या आनंदाची कसोटी उतारवयात लागली. १८२० नंतर आलेल्या नव्या मिशनऱ्यांना शास्त्रींची पदे व गायन उपासनेत नको होते. शिवाय उपासनेत जातवार वेगळे बसणे बंद व्हावे आणि प्रभुभोजनाचा पेला सर्वांनी एकच वापरावा, असा त्यांचा आग्रह होता. उच्च मानल्या गेलेल्या वेळ्ळाळ जातीच्या शास्त्रींनी दोन्ही गोष्टींना विरोध केला आणि जातिभेदाच्या समर्थनार्थ लेखणीही चालविली. १८२९ च्या सुमारास मिशनची नोकरी गेली. तेव्हा आश्रय दिला तो सरफोजींनी; ख्रिस्ती कवी हिंदू राजाच्या दरबारी राहिला. पण १८३२ मध्ये राजेही वारले आणि तो आधार सुटला.

येथे चरित्रकाराने हात आखडता घेऊ नये. गाण्याच्या बाबतीत शास्त्रींचे बरोबर होते. पेल्याच्या बाबतीत नव्हते. रानात भटकणाऱ्या कुरत्तीला ज्या कवीने ज्ञानाचे रूप दिले, त्याला शेजारच्या बाकावर परैयर बांधव नको होता. पौलाचे ते आनंदाचे पत्र त्यांनी अनेकदा वाचले असणार. त्याच पत्रात पौल मंडळीतल्या दोन स्त्रियांना, युवदीया व सुंतुखे यांना, नावे घेऊन एकचित्त होण्याची विनवणी करतो, आणि ती विनवणी आनंद करा या आज्ञेच्या अगदी दाराशी आहे. दुसऱ्याला दूर ठेवून भोगायचा आनंद पौलाला ठाऊक नव्हता. १८३३ मध्ये बिशप विल्सन यांनी मंडळीतून जातिभेद हद्दपार करण्याचा आदेश काढला, तेव्हा तंजावरातील अनेक कुटुंबांनी उपासनेकडे पाठ फिरविली.

शास्त्री त्यानंतरही तीस वर्षे जगले. पद गेले, आश्रय गेला, तरी रचना चालूच राहिली. १८६४ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, तंजावरातच त्यांचा अंत झाला. वाद्यांच्या साथीने कथा आणि गायन करण्याची त्यांची रीत वंशजांनी पुढे चालविली. तमिळ ख्रिस्ती मंडळ्यांतून त्यांची पदे आजही म्हटली जातात. आणि ती म्हणणाऱ्यांत, एका पेल्यातून ज्यांच्यासह पिण्यास शास्त्री तयार नव्हते, त्यांची नातवंडे-पणतवंडेही असतात.