बवाजाच्या शेतातील चार आज्ञा
आपत्तीने उठलेली कुटुंबे आणि आपली कामाची ठिकाणे

शास्त्रपाठ : रूथ अध्याय १ व २, २ करिंथ ८:१-१५ व ९:६-८

पूर, भूकंप वा वादळ येते तेव्हा पहिल्या आठवड्यात मदतीला तोटा नसतो. मंडळ्यांत वर्गणी गोळा होते, शाळांतून धान्य जमते, वर्तमानपत्रे हेलावून लिहितात. खरी कसोटी त्यानंतर लागते. पाणी ओसरते, पण घर उरलेले नसते. छावणी बंद होते, पण रोजगार मिळालेला नसतो. अशा वेळी त्या कुटुंबाला कोणाच्या तरी शेतात, दुकानात, कारखान्यात किंवा कार्यालयात जाऊन उभे राहावे लागते. तिथे त्याचे स्वागत कसे होते, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. रूथचा ग्रंथ आपण बहुधा सासूसुनेच्या प्रेमाची कथा म्हणून वाचतो. आज तो एका विस्थापित कुटुंबाची हकिगत म्हणून वाचू या.

१. दुष्काळाने उठलेले घर (रूथ १)

बेथलेहेम या नावाचा अर्थच ‘भाकरीचे घर’. त्या भाकरीच्या घरात दुष्काळ पडला आणि अलीमलेख बायकामुलांसह मवाब देशी गेला. सुमारे दहा वर्षांत त्या कुटुंबातील तिन्ही पुरुष परक्या भूमीत निवर्तले. नामी परतली ती एका मवाबी सुनेला घेऊन. आपण भरलेली गेलो आणि रिकामी आलो, ही तिची व्यथा पहिल्या अध्यायाच्या शेवटी येते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नामी भिकारी कुळातली नव्हती. चौथ्या अध्यायावरून दिसते की अलीमलेखाच्या नावाची जमीन गावात होती. तरीही परतल्यावर तिच्या घरात दाणा नव्हता. आपत्ती केवळ गरिबाला गाठत नाही. काल दान देणाऱ्यालाही ती आज रांगेत उभी करते. म्हणून मदत मागावयास आलेल्या माणसाकडे पाहताना, ‘हा कायमचा याचक आहे’ असे मानणे अन्यायाचे होय.

२. मुकादमाचा होकार (रूथ २:१-७)

रूथ सरवा वेचावयास निघाली. ही भीक नव्हती, हक्क होता. लेवीय १९:९-१० आणि अनुवाद २४:१९-२२ यांनुसार शेताचे कोपरे कापावयाचे नाहीत व विसरलेली पेंढी आणावयास परत जावयाचे नाही. ते परदेशी, अनाथ व विधवा यांचे. संकट येण्यापूर्वीच संकटग्रस्ताचा वाटा शेताच्या हिशेबात धरलेला होता. आपल्या संस्थांच्या, दुकानांच्या वा घराच्या वार्षिक हिशेबात असा एखादा न कापलेला कोपरा आहे काय?

तथापि नियमशास्त्रात हक्क असणे वेगळे आणि शेतावर पाऊल टाकू देणे वेगळे. बवाज अद्याप आलेला नव्हता. रूथने परवानगी मागितली ती कापणाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या चाकराजवळ, आणि त्याने ती दिली. त्याचे नावही शास्त्रात नाही. मालकाच्या औदार्याविषयी आपण उपदेश ऐकतो. परंतु त्या मुकादमाने तिला बांधावरूनच हाकलले असते, तर मालकाच्या औदार्याला वावच उरला नसता. कार्यालयातील कारकून, शाळेतील लेखनिक, बँकेच्या खिडकीमागील सेवक, इस्पितळातील नोंदणी करणारी भगिनी या साऱ्यांच्या हाती दररोज हाच होकार वा नकार असतो. पुरात कागदपत्रे वाहून गेलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणणे सोपे असते. त्याचा दिवसाचा रोज त्या एका शब्दाने बुडतो.

३. मालकाच्या चार आज्ञा (रूथ २:८-१६)

बवाज शेतावर आल्यावर जे करतो ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. तो पैशाची थैली देत नाही. आपल्या कामाच्या जागेची शिस्तच तो बदलतो.

पहिली आज्ञा सुरक्षिततेची. गड्यांनी तिला हात लावू नये, असे तो बजावतो. छावणीत आणि नव्या कामावर एकट्या स्त्रीला, तरुण मुलीला पहिले भय याचेच असते. मदतीची कोणतीही योजना या प्रश्नाला बगल देऊन पुढे गेली, तर ती अपुरी आहे.

दुसरी आज्ञा पाण्याची. गड्यांनी भरलेल्या भांड्यांतून तिने प्यावे. एका परक्या स्त्रीने पुरुषांनी भरलेले पाणी प्यावे, हे भारतातील वाचकाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. पाणवठ्यावरचा भेद आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे, आणि आपत्तीच्या छावणीतही तो डोके वर काढतो.

तिसरी आज्ञा पंक्तीची. भोजनाच्या वेळी बवाज तिला जवळ बोलावतो, कापणी करणाऱ्यांच्या शेजारी बसवतो आणि स्वतःच्या हाताने हुरडा देतो. ती तृप्त होते, आणि उरलेला घास नामीसाठी बांधून नेते. वेगळ्या ताटात, दाराबाहेर, असे काही तिथे नाही.

चौथी आज्ञा सर्वांत सूक्ष्म आहे. पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे पडू द्यावीत, आणि ती वेचताना कोणी तिला धमकावू नये. देणारा दिसत नाही; घेणारीला आपल्या कष्टाचेच मिळाले असे वाटते. संध्याकाळी तिने स्वतः झोडून काढलेले सातू एफाभर, म्हणजे सुमारे २२ लिटर भरले. बवाजाने तिचे श्रम हिरावून घेतले नाहीत, तिच्या श्रमाला फळ येईल अशी व्यवस्था केली.

याच्या उलट चित्रही आपल्या देशाने पाहिले आहे. डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतर नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर देशभरातून जुन्या कपड्यांचे ढीग आले आणि रस्त्याच्या कडेला पडून राहिले. ज्यांचे सर्वस्व समुद्राने नेले त्या कोळी कुटुंबांनी दुसऱ्याचे टाकून दिलेले वस्त्र घातले नाही, यात नवल ते काय? जे आपण स्वतः घेणार नाही ते देणे म्हणजे कपाट रिकामे करणे होय. त्यास दान म्हणता येत नाही.

४. दरिद्र्यांचे औदार्य (२ करिंथ ८:१-५)

यहूदीयात दुष्काळ पडणार हे कळताच अंत्युखियाच्या शिष्यांनी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे मदत पाठविली (प्रे. कृत्ये ११:२७-३०). पुढे पौल करिंथकरांसमोर मासेदोनियाच्या मंडळ्यांचे उदाहरण ठेवतो. स्वतः संकटात व दारिद्र्यात असूनही त्यांनी देण्याची संधी आग्रहाने मागून घेतली होती.

ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात याचे प्रत्यंतर आले. महापुराने चारशेंहून अधिक बळी घेतले. दहा लाखांहून अधिक माणसे छावण्यांत आली. चेंगन्नूर आणि पथनमथिट्टा भागात घरे पाण्याखाली गेली, तेव्हा कोल्लम व तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरील मच्छिमारांनी आपल्या नौका मालमोटारींवर चढवून आतल्या गावांत नेल्या. राज्य शासनाच्या आकडेवारीनुसार सुमारे साडेचार हजार मच्छिमारांनी ६६९ नौकांच्या साहाय्याने ६५ हजारांच्या आसपास लोकांची सुटका केली. या नौका त्यांच्या पोटापाण्याचे साधन होत्या. भिंतींना, कुंपणांना आदळून त्यांतील कित्येक मोडल्या. आणि हे तेच किनारे होते, जिथे नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळाने अनेक घरांतील कर्ते पुरुष समुद्रात ओढून नेले होते. शासनाने दिवसाला ३००० रुपये देऊ केले, तेव्हा जीव वाचविण्याचे मोल नको, असे त्यांच्यापैकी काहींनी जाहीरपणे सांगितले. त्यांत ख्रिस्ती होते, मुसलमान होते, हिंदूही होते. नौकेत ओढून घेताना कोणी कोणाचा धर्म विचारला नाही.

५. सक्तीचे की संतोषाचे? (२ करिंथ ९:७)

त्याच महापुरानंतर केरळ शासनाने नोकरवर्गाला एक महिन्याचे वेतन देण्याचे आवाहन केले. दरमहा तीन दिवसांचे, असे दहा महिन्यांत ते द्यावयाचे होते. कल्पना उदात्त होती, आणि सामान्य वेतनदाराला झेपेल अशी तिची मांडणी होती. परंतु शासकीय आदेशात एक अट आली : ज्याला द्यावयाचे नाही त्याने तसे लेखी कळवावे. केरळ उच्च न्यायालयाने या अटीला स्थगिती दिली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

हा वाद केवळ कायद्याचा नाही. पौल करिंथकरांना आज्ञा म्हणून लिहीत नाही. जो तो आपल्या मनात ठरवील तसे त्याने द्यावे, कष्टी होऊन किंवा भाग पडते म्हणून नव्हे, ही त्याची शिकवण आहे. आजारी आई, मुलीची फी, डोक्यावरचे कर्ज यांमुळे जो देऊ शकत नाही, त्याने आपली अडचण सहकाऱ्यांसमोर मांडावी काय? आपल्या मंडळ्यांतही देणगीदारांची यादी मोठ्याने वाचण्याची प्रथा आहे. त्या यादीत ज्या विधवेचे नाव येत नाही, तिला त्या रविवारी काय वाटत असेल याचा विचार व्हावा.

तरीही सक्ती नको म्हणून हात आखडणे हा यावरचा उपाय नव्हे. पौल तीन मार्ग दाखवितो. आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडे थोडे बाजूला काढावे (१ करिंथ १६:२). हिशेब एकाच्या हाती न ठेवता विश्वासू बंधूंवर सोपवावा, म्हणजे कोणास दोष देण्यास जागा राहणार नाही (२ करिंथ ८:२०-२१). आणि गेल्या वर्षी जे आरंभिले ते यंदा पुरे करावे (८:१०-११). करिंथकरांची इच्छा मोठी होती. कार्य अर्धवट राहिले होते.

६. हंगाम संपल्यावर (रूथ २:२३ – ४:१०)

सातू आणि गहू यांचा हंगाम संपला तेव्हा सरवाही संपला. सरव्यावर आयुष्य निघत नाही, हे नामीने ओळखले आणि तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी ती रूथच्या कायमच्या आसऱ्याचा विचार करू लागली. त्यासाठी बवाजाला शेत सोडून वेशीत यावे लागले, वडील जनांसमोर बसून जमिनीचा व नावाचा प्रश्न सोडवावा लागला.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि मातीची जड धाब्याची छपरे झोपलेल्यांवर कोसळली; सरकारी नोंदीप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. किल्लारी, सास्तूर यांसह ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. मूल शिकून उभे राहीपर्यंत साथ देणे म्हणजे हंगामानंतरचे काम होय.

त्याच पुनर्वसनात विचार करावयास लावणारी एक बाब आहे. नव्या गावांत घराचे क्षेत्र जमिनीच्या मालकीवर ठरले : भूमिहीन व अल्पभूधारकांस २५० चौरस फूट, मधल्यांस ४००, मोठ्या शेतकऱ्यांस ७५०. पूर्वी होते त्या मानाने परत देणे, असा त्यामागे हिशेब दिसतो. पण नियमशास्त्रातील शेताचा कोपरा भूमिहीनासाठीच राखलेला होता. गमावलेले भरून द्यावे की गरज भागवावी? २ करिंथ ८:१३-१५ मधील समानतेचा विचार या प्रश्नाच्या उजेडात पुन्हा वाचावा.

७. आचरणासाठी

आपल्या महाराष्ट्रीय मंडळीला हा धडा परका नाही. दुष्काळात आईवडील गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त भागांतून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या, आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना अन्नाबरोबर अक्षरे व हाताला कामही दिले. आपल्या ऐपतीप्रमाणे आपणांस इतके तरी करता येईल :

• घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे घर पुरात गेले, तर गैरहजेरीचे पैसे कापू नयेत.
• सहकाऱ्याला भविष्य निर्वाह निधीतील रकमेसाठी अर्ज भरून द्यावा, त्याच्या पाळीचे काम वाटून घ्यावे.
• शिक्षकांनी विस्थापित मुलाला दाखल्यावाचून वर्गात बसवावे. दाखला मागाहून मिळवून द्यावा.
• दुकानदाराने उधारीची वही काही काळ मिटून ठेवावी.
• संकटाची कहाणी त्या माणसाकडून पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. रूथची हकिगत बवाजाने आधीच ऐकून घेतली होती (२:११).

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१) चार आज्ञांपैकी आपल्या कामाच्या ठिकाणी कोणती सर्वांत कठीण आहे? का?
२) आपल्या मंडळीने आरंभून अर्धवट सोडलेले साहाय्य कोणते? ते कोण पुरे करील?
३) आपल्या हाती कोणता ‘मुकादमाचा होकार’ आहे?

प्रार्थना : हे प्रभू, तुझ्या पुत्राला डोके टेकावयास जागा नव्हती. ज्यांची घरे गेली त्यांच्यात आम्ही त्याला ओळखावे, आणि आमच्या शेताचा कोपरा त्यांच्यासाठी राखून ठेवावा, असे मन आम्हांस दे. आमेन.