वाटाण्याचा अंकुर आणि राजा हरिश्चंद्र



यंदाच्या स्नेहसंमेलनात नववीच्या चार मुलांनी मोबाइलवर घेतलेला दोन मिनिटांचा एक चित्रपट दाखविला. विषय शाळेच्या आवारातील विहिरीचा होता. चित्र सारखे हलत होते. पोहरा वर येण्याच्या ऐन वेळी मध्येच कोणाची तरी पाठ आडवी आली, आणि सभागृहात मोठा हशा पिकला. खरे सांगावयाचे तर हसणाऱ्यांत आम्हीही होतो. पुढच्याच आठवड्यात त्यांपैकी एका मुलाचे वडील आम्हांस भेटले व म्हणाले, “सर, हा नाद सोड म्हणून तुम्हीच त्याला सांगा. तुमचे तो ऐकेल.” मुलाचे म्हणणे निराळेच होते. दोन मिनिटांचा खेळ पुरे झाला, आता एकदम तासाभराचा चित्रपटच काढावयाचा, असा त्याचा हट्ट होता.

त्या दिवशी आम्ही दोघांपैकी एकासही नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते आज देत आहोत. अभ्यासासाठी काढलेली पहिली चित्रफीत आणि लोकांपुढे मांडण्याजोगा पुरा चित्रपट यांमध्ये किती अंतर असते, व ते तोडताना शिकणारा काय काय शिकतो, हे ज्यांच्या चरित्रात स्वच्छ दिसते असे एक गृहस्थ आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेले. ते म्हणजे धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रे काढणे, पुराणवस्तू खात्यात नकाशे व आकृत्या काढणे, छापखाना चालविणे, असे अनेक उद्योग त्यांनी केले. भागीदारांशी न पटल्यामुळे छापखाना सुटला, तेव्हा वयाची चाळिशी आलेली होती. त्याच सुमारास गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला. तो पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांपुढे राम व कृष्ण उभे राहिले, आणि आपल्या देशातील कथाही अशाच पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने त्यांचा ताबा घेतला. आम्ही ख्रिस्ती शिक्षक आहोत, म्हणून हा प्रसंग आम्हांस विशेष वाटतो. एका धर्मातील कथेने दुसऱ्या धर्माच्या मनुष्यास स्वतःच्या कथेकडे नव्या दृष्टीने पाहावयास लाविले.

यानंतर फाळके पुन्हा विद्यार्थी झाले. रोज सायंकाळी चित्रपट पाहावयाचे, उरलेला वेळ प्रयोगांत घालवावयाचा, झोप नावापुरती, असा क्रम काही महिने चालला. त्याचा परिणाम डोळ्यांवर झाला व काही काळ दृष्टी गेली. डॉक्टरांचे उपचार व चष्मे यांच्या साहाय्याने ती परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तेथील एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकाने आधी त्यांस या धंद्यात पडू नका असेच सांगितले. पण निश्चय पाहून पुढे त्यांनीच सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांस नेले. विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन व फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणाऱ्या यंत्राची मागणी नोंदवून फाळके वसंत ऋतूत परतले.

येथे आपल्या विषयास खरा आरंभ होतो. कॅमेरा हाती आला, डोक्यात हरिश्चंद्र घोळत होता. तरी फाळके यांनी लगेच हरिश्चंद्रास हात घातला नाही. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा त्या कुंडीपुढे ठेविला. महिनाभर त्या रोपाची वाढ टिपून त्यांनी सुमारे एका मिनिटाची चित्रफीत तयार केली. बी फुगते, अंकुर वर येतो, वेल होतो, हे सारे पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घडे. हीच ‘अंकुराची वाढ’. हा त्यांचा पहिला अभ्यास.

यात थोडे गणित आहे, ते मुलांनी करून पाहावे. रोज एकच चित्र घेतले असे कोठे कोठे लिहिलेले आढळते. सेकंदास सोळा चित्रे हा मूकपटांचा सर्वसाधारण वेग धरला, तर तीस दिवसांची तीस चित्रे दोन सेकंदांतच संपतील. एका मिनिटास ९६० चित्रे लागतात. म्हणजे महिनाभर रोज सरासरी बत्तीस चित्रे घ्यावयास हवीत. एवढ्या काळात कुंडी हलता कामा नये, कॅमेरा सरकता कामा नये, आणि उजेडात फार फरक पडता कामा नये. पहिला अभ्यास शिकवितो तो हा धडा: एका मिनिटामागे एक महिना द्यावा लागतो, आणि तो महिना प्रेक्षकास दिसत नाही.

ही चित्रफीत फाळके यांनी निवडक मंडळींस दाखविली. एवढे मोठे हरिश्चंद्राचे आख्यान मनात असता वाटाण्याचे रोप दाखवावयाचे, यात त्यांस कमीपणा वाटला नाही. त्या रोपानेच त्यांस कर्ज मिळवून दिले. कारण हा मनुष्य हाती घेतलेले काम शेवटास नेतो, हे पाहणाऱ्यांस पटले. पालकांनी हे ध्यानात घ्यावे. लहान पण पुरे केलेले काम मोठ्या पण अर्धवट कामापेक्षा अधिक विश्वासाचे ठरते.

परंतु वाटाणा फाळके यांस सर्व काही शिकवू शकला नाही. वाटाणा रुसत नाही, पगार मागत नाही, आणि त्यास मिशाही नसतात. ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू होताच माणसांशी गाठ पडली. तारामतीच्या कामास एकही स्त्री मिळेना, कारण त्या काळी चित्रपटात काम करणे स्त्रियांस अत्यंत हलके समजले जाई. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांची अंगकाठी व हात फाळके यांच्या नजरेत भरले. तेथे त्यांस दहा रुपये मिळत, ते फाळके यांनी पंधरा देऊ केले. स्त्रीवेष घेणारे पुरुष मिशा काढावयास तयार होईनात. वडील हयात असता मिशी उतरविणे अशुभ, अशी समजूत होती. त्या सर्वांचे मन वळवावे लागले. चित्रपटातील नोकरीची लाज वाटू नये म्हणून, कोणी विचारल्यास ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामास आहोत’ असे सांगा, ही युक्तीही त्यांनीच काढली. दत्तात्रय दामोदर दाबके हे हरिश्चंद्र झाले. रोहिदासाचे काम फाळके यांनी आपल्याच मुलास, भालचंद्रास दिले. हा दुसरा धडा: अभ्यास एकट्यास करता येतो, पुरा चित्रपट एकट्यास करता येत नाही.

आणि त्यातही एक हात असा होता की ज्याचे नाव पुष्कळदा मागे राहते. सरस्वतीबाई फाळके या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत. चित्रण चालू असता उन्हात पांढरी चादर धरून पात्रांच्या तोंडावर प्रकाश पाडीत. आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडणे, ती रसायनात धुणे ही कामे करीत. त्यांनी ही विद्या कोणत्याही शाळेत घेतली नव्हती. नवऱ्याबरोबर त्याही शिकल्या, आणि शिकल्या तेवढे तत्काळ कामी आणिले. आमच्या विद्यार्थिनींनी हे नाव विसरू नये.

चित्रण सहा महिने सत्तावीस दिवस चालले. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट भरली. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. म्हणजे एकूण सुमारे ५९,२०० चित्रे झाली. वरच्याच वेगाने हिशेब केला तर वाटाण्याच्या रोपाच्या जवळजवळ बासष्टपट. परंतु श्रम केवळ बासष्टपट वाढले नाहीत. कारण चित्रे वाढली तशी माणसे, कपडे, जेवणे, प्रवास व मनधरण्या हीही वाढली. २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी व ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी हा चित्रपट दाखविण्यात आला. लोकांनी तो उचलून धरला.

तिसरा धडा यानंतरचा आहे. पुरा चित्रपट म्हणजे शिक्षणाचा शेवट नव्हे. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या पुढील चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी कामे केली. तारामतीसाठी जी गोष्ट अशक्य ठरली होती, ती काही महिन्यांतच शक्य झाली. पहिल्या चित्रपटातील उणीव ही दुसऱ्याचा आरंभ झाली.

आता आम्ही दोन्ही उत्तरे देतो. पित्यास आमचे सांगणे असे की, हा धंदा मुलाचे पोट भरीलच, अशी हमी आम्ही देत नाही. खुद्द फाळके यांचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते वारले. परंतु धीर, हिशेब, चार माणसांस सांभाळून घेण्याची हातोटी आणि हाती घेतलेले तडीस नेण्याची सवय, या गोष्टी मुलगा त्यात शिकेल. आणि पुढे तो कोणत्याही कामास लागला तरी त्या वाया जाणार नाहीत. नाद सोड, असे आम्ही त्यास सांगणार नाही.

आणि त्या चार मुलांस आम्ही प्रथम हे सांगतो की, त्या दिवशी आम्ही हसलो ही आमची चूक झाली. तुमची चित्रफीत वाईट होती, पण ती पहिली होती. तासाभराचा चित्रपट तूर्त राहू द्या. पुन्हा त्याच विहिरीवर जा. मोबाइल हातात न धरता भिंतीवर टेकवून ठेवा, आणि पोहरा तळापासून काठापर्यंत येतो एवढेच टिपा. दहा वेळा टिपा. सकाळच्या उन्हात, दुपारच्या उन्हात, ढगाळ दिवशी टिपून पाहा. दहापैकी कोणते चित्र बरे आले व का, हे वहीत लिहून आणा. पोहरा ओढावयास कोणी नसेल तर आम्हांस हाक मारा. दोर आम्ही ओढू.