दासांच्या वादानें दुभंगलेल्या मंडळ्या
(वाचन : फिलेमोनास पत्र)

छत्रपती संभाजीनगरचें मूळ खडकी नगर मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलें. तो हबशी देशांत जन्मलेला, बाजारांत विकला गेलेला गुलाम. धनी वारल्यावर मोकळा होऊन तो निजामशाहीचा कारभारी झाला. अमेरिकेंत अशी वाट क्वचितच उघडे. तेथें आईचें दास्य लेकरास वारशानें येई.

तेथील राजसभेनें हा वाद १८२० सालीं तडजोडीनें झाकला. मंडळ्यांस तो झाकतां येईना. १८४४ सालीं मेथडिस्ट सभेनें दास बाळगणाऱ्या बिशप अँड्रू यांस काम थांबविण्यास सांगितलें. त्याच वर्षीं बाप्तिस्त मिशनच्या कमिटीनें ठरविलें कीं, धन्यास मिशनरी म्हणून पाठवावयाचें नाहीं. पुढील वर्षीं दोन्ही पंथांचे दक्षिणेकडील लोक विभक्त झाले. पौलानें अनेसिमास परत पाठविलें, हें ते बोट ठेवून दाखवीत. सोळाव्या वचनांत तो त्यास प्रिय बंधु म्हणतो, तेथें मात्र बोट थांबत नसे, असें आम्हांस वाटतें.

१८५० च्या कायद्यानें पळालेल्या दासास धरून देणें उत्तरेवरही लादलें. कॅन्ससांत रक्त सांडलें. १८६० सालीं लिंकन निवडून येतांच दक्षिणेकडील संस्थानें फुटूं लागलीं, आणि एप्रिल १८६१ मध्यें तोफा सुटल्या. दास्य १८६५ सालीं संपलें. महात्मा फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ अमेरिकेच्या लोकांसच अर्पण केली.

शिक्षकांनीं वर्गांत विचारावें : फिलेमोनाच्या घरीं मंडळी जमत असे (वचन २). अनेसिम परतला त्या रविवारीं त्यास कोणाशेजारीं बसविलें असेल?