चोचीतला घास : चित्रवाचनाचा एक पाठ

चित्रकलेचा तास म्हणजे फळ्यावरील आंबा किंवा कळशी पाहून वहीत उतरविणे, अशी समजूत पुष्कळ शाळांतून अद्याप आढळते. चित्र काढण्याइतकेच चित्र पाहणेही शिकवावे लागते. त्यासाठी तिसरी-चौथीच्या वर्गाला झां फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचे ‘ला बेके’ हे चित्र दाखवावे. प्रत मोठी असावी. हातोहात फिरविलेल्या लहान चित्रात मुलांना काहीच दिसत नाही.

मिले (१८१४-१८७५) हा नॉर्मंडीतील शेतकऱ्याचा मुलगा. तरुणपणापर्यंत त्याने स्वतः शेतात काम केले आणि १८४९ पासून बार्बिझों या खेड्यात वास्तव्य केले. त्याला नऊ अपत्ये होती. भुकेली मुले त्याला कल्पनेने रंगवावी लागली नाहीत. हे चित्र १८६० च्या सुमाराचे असून ते फ्रान्समधील लील येथील कलासंग्रहालयात आहे.

घराच्या उंबऱ्यावर तीन मुले एकमेकांना खेटून बसली आहेत. पायांत लाकडी जोडे. समोर बुटक्या बैठकीवर आई. तीन तोंडांना वाडगा एक आणि चमचाही एकच. मधल्या मुलाने मान पुढे काढून तोंड उघडले आहे. ‘ला बेके’ म्हणजे पक्षीण पिलाला चोचीने भरविते तो घास. चिऊकाऊच्या नावाने घास खाऊन वाढलेल्या मुलांना हे नाव फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

मागे, काही अंतरावर, बाप जमीन खणत आहे. मुलांची नजर तेथे सहसा जात नाही, तरीही शिक्षकांनी ते सांगून टाकू नये. ‘चित्रात माणसे किती?’ एवढे विचारून थांबावे. कोणीतरी बोट दाखविते, आणि मग वाडग्यातले अन्न कोठून आले हा प्रश्न आपोआप येतो. त्यापुढचा प्रश्न अधिक अवघड : या चित्रात कोण जेवत नाही?

येथे फार जपावे लागते. ‘तू आज काय खाऊन आलास?’ असे चारचौघांत कदापि विचारू नये. रिकाम्या पोटी आलेले मूल खोटे सांगून सुटका करून घेते, आणि त्या दिवशी चित्रही खोटेच काढते. त्याऐवजी शाळेतील पोषण आहाराची पंगत काढावयास द्यावी. ती सर्वांची आहे. कोणी आपण होऊन घरची चूल, भाकरी व मिरचीचा ठेचा काढला, तर ‘काही चांगले काढ’ असे म्हणू नये. मिलेने तरी दुसरे काय काढले?

वरच्या वर्गांस मिलेचा निस्सीम चाहता असलेल्या व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचे ‘बटाटे खाणारे’ (१८८५) दाखविता येईल. नेदरलँड्समधील न्यूनेन या खेड्यातील पाच माणसे एका दिव्याखाली, एकाच थाळ्यातून जेवत आहेत. त्यांतील एक मुलगी आपल्याकडे पाठ करून बसली आहे. तिचा चेहरा कसा असेल, तो मुलांनी आपापल्या वहीत काढावा.