‘लिही’ आणि ‘लिहून ठेव’

प्रोग्रॅमिंगच्या भाषांशी आपल्या साहित्यवाल्यांचा काय संबंध? संबंध आहे, कारण त्यांनाही व्याकरण असतं. त्यातला एकच मुद्दा आज पाहू: माहिती टिकते कशी?

सी किंवा पायथनमध्ये व्हेरिएबलला दिलेली किंमत मेमरीत राहते. प्रोग्रॅम संपला की ती जाते. टिकवायची तर फाइल उघडा, नाहीतर डेटाबेसला जोडा आणि माहिती त्याच्या साच्यात बसवा. धार जिल्ह्यातल्या आमच्या डहीत दुकानदार दिवसभराची उधारी चिठ्ठीवर टिपतो, रात्री वहीत उतरवतो. मधल्या वेळात चिठ्ठी हरवली, तर उधारी बुडाली!

मग थेट वहीतच का लिहू नये? १९६६ च्या सुमारास बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रुग्णांच्या नोंदींसाठी ‘मम्प्स’ ही भाषा तयार झाली. तिच्यातल्या दोन ओळी देवनागरीत लिहून दाखवतो:

सेट ताप=१०१
सेट ^रुग्ण(१२,"ताप")=१०१

पहिली नोंद तात्पुरती. दुसरीत नावाआधी ^ आहे, म्हणून ती डिस्कवर जाते. मशीन बंद केलं तरी उद्या दुसरा डॉक्टर तोच ताप वाचू शकतो. वेगळा डेटाबेस नको, उतरवून घेणं नको. वरवर क्षुल्लक चिन्ह, पण औषधाचा डोस अशाच नोंदीवर ठरतो.

मराठीत हे काम ‘ठेवणे’ करतं. ‘लिही’ म्हटलं की क्रिया झाली, संपली. ‘लिहून ठेव’ म्हटलं की पुढे कुणाला तरी ते लागणार आहे. मम्प्सचं ^ म्हणजे हे ‘ठेव’च.

१९८० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये माल्कम अ‍ॅटकिन्सन आणि सहकाऱ्यांनी ‘पीएस-अल्गोल’मध्ये हे चिन्हही काढून टाकलं. तिथे डेटाबेसच्या मुळापर्यंत धागा पोचत असेल ती माहिती आपोआप टिकते. धागा तुटलेली जाते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात क्लासमध्ये शिकवायचे ते डीबेस, फॉक्सप्रोही याच्या जवळचे: तक्ता भाषेतच, ‘रिप्लेस’ म्हटलं की नोंद बदलली.

पण टिकणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. चुकीचा तापही तितकाच टिकतो. आणि मम्प्समध्ये ‘किल ^रुग्ण’ एवढंच लिहिलं, तर बारा नंबरचाच नव्हे, सगळ्याच रुग्णांच्या नोंदी जातात. त्यालाही मराठीत क्रियापद आहे: ‘पुसून टाक’.

म्हणून मला वाटतं, भाषा टिकवण्याची सोय देते. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते मात्र लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं.