गिरणीची जमीन

दौलताबादहून खुलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर कागजीपुरा नावाचे गाव लागते. हाताने कागद करणाऱ्या कारागिरांची ही जुनी वसाहत. गावाचा धंदा त्याच्या नावातच सांगितलेला आहे. यंत्राच्या कागदापुढे हातकागदाचा व्यवसाय आक्रसला, तरी गाव जागचे हलले नाही. कारण कारागीर जेथे काम करी, तेथेच तो गावकरी म्हणून नांदत होता. मोठ्या यांत्रिक कारखान्याची गोष्ट निराळी असते. तेथे जमीन एकाची, यंत्रेही त्याचीच आणि श्रम मात्र दुसऱ्यांचे. असा कारखाना बंद पडला म्हणजे त्याच्या जमिनीवर पुढे कोणी राहावे, हा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रात तो सर्वांत तीव्रतेने उभा राहिला मुंबईच्या गिरणगावात.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे ती चालू झाली. इंग्लंड-स्कॉटलंडातील जुन्या गिरण्या वाहत्या नद्यांच्या काठी उभारलेल्या होत्या. पाण्याच्या लोटावर त्यांची चाके फिरत. मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत, म्हणून त्यांना नदीकाठ लागला नाही. त्यांना लागे ते बॉयलरसाठी पाणी, आणि पुष्कळ गिरण्यांनी त्यासाठी आपल्या आवारातच तळी खोदून घेतली होती. लालबाग, परळ, वरळी, चिंचपोकळी, शिवडी या भागांत पाहता पाहता धुराड्यांची दाटी झाली.

या गिरण्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतून माणसे आली. दहा फूट रुंद खोलीत दहा-पंधरा जण राहत. एका पाळीचे कामगार गिरणीत गेले, की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर अंग टाकीत. जेवण खानावळीत आणि कुटुंब गावी, असा बहुतेकांचा संसार होता. १९२० च्या दशकात सरकारच्या मुंबई विकास विभागाने वरळी, नायगाव, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथे चार मजली चाळी बांधल्या. त्यांनाच बीडीडी चाळी म्हणतात. तेथील एकेक खोली १६० चौरस फुटांची. आज भारतातील कामगाराला रविवारची सुटी साहजिक वाटते. ती मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना याच कामगारांना संघटित करून झगडावे लागले होते, आणि १८९० मध्ये ती मान्य झाली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर एकेक गिरणीचा भोंगाही थांबत गेला. गिरण्या आधीच जुनाट झाल्या होत्या, यंत्रमागांची स्पर्धा वाढली होती. सगळा दोष संपाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. परंतु एवढे खरे, की कापडाचे मोल उतरले त्याच काळात गिरणीखालच्या जमिनीचे मोल कल्पनेपलीकडे चढले. मध्य मुंबईत सुमारे ६०० एकर जमीन गिरण्यांच्या ताब्यात होती.

या जमिनीचे काय करावे यासाठी १९९१ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम करण्यात आला. त्याचा आशय असा, की मालकाने गिरणीची जमीन विकसित करावयाची झाल्यास तिचे ढोबळमानाने तीन वाटे पाडावेत : एक महानगरपालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक गृहनिर्माण प्राधिकरणाला म्हणजे म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडाही तयार केला. तो कागदावरच राहिला. पुढे २००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी आता सर्व जमिनीची नव्हे, तर जेथे बांधकाम नाही अशा मोकळ्या जमिनीची व्हावयाची होती.

‘मोकळी’ या एका विशेषणाने काय घडले, हे साध्या गणिताने कळते. समजा, एका गिरणीची जमीन नऊ एकर आहे आणि तीपैकी सहा एकरांवर इमारती आहेत. जुन्या नियमाने घरांच्या वाट्याला तीन एकर आले असते. नव्या नियमाने मोकळ्या तीन एकरांचाच तिसरा हिस्सा, म्हणजे एक एकर येतो. गिरण्यांचे आवार तर इमारतींनी खच्चून भरलेले! बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने या बदलाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय संस्थेच्या बाजूने लागला. परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा नियम वैध ठरविला. त्यानंतर गगनचुंबी इमारतींना अडथळा उरला नाही. फिनिक्स गिरणीच्या आवारात तर त्याआधीच बाजारपेठ थाटली होती. तेथील धुराडे अजून उभे आहे.

स्कॉटलंडात क्लाइड नदीच्या काठी न्यू लॅनार्क नावाची सूतगिरणी व तिच्या कामगारांचे गाव आहे. १७८६ मध्ये तेथे कताई सुरू झाली. पुढे रॉबर्ट ओवेन या व्यवस्थापकाने कामगारांच्या मुलांसाठी तेथे शाळा काढली. १९६८ मध्ये गिरणी बंद पडली आणि गाव ओसाड होऊ लागले. तेव्हा १९७० च्या दशकात एक विश्वस्त संस्था स्थापन होऊन जुनी घरे दुरुस्त करण्यात आली व त्यांत लोक पुन्हा राहू लागले. तेथे जमिनीला मुंबईचा भाव नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. भाव नसला म्हणजे वस्ती वाचविणे सोपे जाते.

मुंबईत घर मिळावे म्हणून सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी व त्यांच्या वारसांनी अर्ज केले. म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत काढली. २०२० मध्ये बॉम्बे डाइंग व श्रीनिवास गिरण्यांच्या जागेवरील ३,८९४ घरांची. यांतील घरे २२५ चौरस फुटांच्या आसपास, आणि २०२० च्या घराची किंमत साडेनऊ लाख रुपये. अनेक अर्जदार तोवर साठी-सत्तरी ओलांडून गेले होते; कित्येकांच्या जागी त्यांच्या विधवांची नावे लागली.

बीडीडी चाळींचा पुनर्विकासही याच सुमारास हाती घेण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथील ५५६ भाडेकरूंना नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात त्यांना ५०० चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळाले. ज्याचे नाव चाळीच्या भाडेपावतीवर होते त्याला ५०० फूट, आणि ज्याचे नाव गिरणीच्या हजेरीपटावर होते त्याला, सोडतीत चिठ्ठी निघालीच तर, २२५.